जादू येण्याआधीचे भाग

‘कोई... मिल गया’मधला रोहित वयाने तरुण आहे, पण शाळेत सातवीच्या लहान मुलांबरोबर बसतो. आईच्या पोटात असताना झालेल्या अपघातात त्याच्या मेंदूला इजा झालेली असते. मग परग्रहावरून ‘जादू’ येतो. रोहितचा चष्मा जातो, गणिते चुटकीसरशी सुटू लागतात, अंगात बळ येते. थिएटरात शिट्ट्या पडतात. २००३ साली आलेल्या या चित्रपटाने अशा मुलाला नायक केले, ही त्याची मोठी पुण्याई. पण लोक त्याला आपला म्हणतात ते तो हुशार झाल्यावरच, ही त्याची खोट.

या कथेचा पुढे वंशविस्तार झाला. २००६ मध्ये ‘क्रिश’ आणि २०१३ मध्ये ‘क्रिश ३’ आला. त्याच वर्षी ‘किड क्रिश’ हे ॲनिमेशन कार्टून नेटवर्कवर दाखल झाले. २०२५ मध्ये चौथ्या चित्रपटाची घोषणा झाली. पडदा लहान झाला तेव्हा कथेतून काय उचलले गेले, हे पाहण्यासारखे आहे. उडी मारणारा, मुखवटा घालणारा मुलगा टीव्हीवर आला. पाढे विसरणारा रोहित मात्र चित्रपटातच राहिला. खरे तर टीव्हीला हवा होता तो रोहितच.

कारण साधे आहे. चित्रपटाजवळ तीन तास असतात, मालिकेजवळ महिने. तीन तासांत मेंदू बरा करायचा तर जादूच लागते. मालिकेला मात्र हळूहळू घडणाऱ्या गोष्टी दाखवणे परवडते, आणि बौद्धिक दिव्यांगत्वाची खरी गोष्ट हळूहळूच घडते. नवी मुंबईत ती रोज घडते आहे. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, वाशीला महापालिकेचे ईटीसी केंद्र आहे. अशा ठिकाणी मूल शर्टाचे बटण लावायला शिकते, आणि त्याला कधी कधी कित्येक महिने लागतात. इजा झालेल्या पेशी सहसा परत येत नाहीत. पण तीच कृती पुन्हापुन्हा केली की मेंदूतल्या शाबूत पेशींच्या नव्या जोडण्या तयार होतात. वय जितके लहान तितके हे सोपे. म्हणून पहिली काही वर्षे मोलाची.

‘सिनेमा तो सिनेमा, त्यात कसले शास्त्र शोधता?’ असा आक्षेप येईल. कल्पनेला मज्जाव नाही. उडती तबकडी खुशाल उतरावी. प्रश्न आहे तो आशेला कोणती दिशा दिली जाते याचा. मूल उशिरा बोलते हे लक्षात आल्यावर अनेक घरांत आधी ‘होईल आपोआप’ म्हणून वाट पाहिली जाते, मग टॉनिके होतात, मग कुणीतरी स्टेम सेलचा महागडा उपचार सुचवतो. बौद्धिक दिव्यांगत्व अशा उपचारांनी बरे होते, हे सिद्ध झालेले नाही. जादूची वाट पाहताना जाते ते मुलाचे शिकण्याचे वय.

बरे, खऱ्या विज्ञानात थक्क करणारे काही नाही असेही नव्हे. काही बाळांची थायरॉइड ग्रंथी जन्मतः नीट काम करत नाही. बाळ दिसायला ठणठणीत असते, पण संप्रेरक न मिळाल्याने मेंदूची वाढ खुंटत जाते. जन्मानंतर काही दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी केली आणि पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची स्वस्त गोळी सुरू झाली, तर बहुतेक बाळे इतर मुलांसारखीच वाढतात. उशीर झाला तर झालेले नुकसान पूर्ण भरून निघत नाही. एका भागाचे यापेक्षा उत्कंठावर्धक कथानक कोणता पटकथाकार रचणार? त्यात घड्याळ आहे, धोका आहे आणि शेवट गोड होण्याची शक्यताही आहे.

‘क्रिश’मधल्या आनुवंशिकतेचेही तसेच. रोहितला आयुष्यात मध्येच मिळालेल्या शक्ती त्याच्या मुलात उतरतात. शरीरात नंतर झालेला बदल पुढच्या पिढीत जायचा तर तो बीजपेशींमध्ये व्हावा लागतो, नाहीतर पैलवानाचे मूल जन्मतःच पैलवान झाले असते. हा फरक समजावायला खारघरचेच उदाहरण पुरेल. टाटा स्मारक केंद्राच्या तिथल्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत आयआयटी मुंबईच्या सहकार्याने विकसित झालेल्या कार-टी उपचाराच्या चाचण्या झाल्या. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत नवे जनुक घालायचे आणि कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकलेली ती फौज पुन्हा रक्तात सोडायची, असा हा उपचार. ‘क्रिश ३’मध्ये विषाणू हे खलनायकाचे हत्यार आहे, इथे तोच टपालवाला. बदल रुग्णाच्या टी-पेशींपुरता राहतो, मुलाबाळांत जात नाही. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालेला हा उपचार परदेशातल्या खर्चाच्या सुमारे एक दशांशात होतो. तो सगळ्यांना लागू पडत नाही, त्याचे गंभीर दुष्परिणामही होऊ शकतात. मालिकेने तेही दाखवावे. अपयश दाखवल्याने विज्ञान छोटे होत नाही, विश्वासार्ह होते.

तेव्हा या कथेची पुन्हा मालिका झालीच, तर निर्मात्यांनी जादूला दहाव्या भागापर्यंत थांबवावे. आधीच्या नऊ भागांत आई सोनिया मुलाला घेऊन तपासणीला जाऊ दे, विशेष शिक्षिका भेटू दे, कायद्याने मिळणारे प्रमाणपत्र आणि मोफत शिक्षणाचा हक्क तिला कळू दे. बटण लागल्याच्या प्रसंगाला पार्श्वसंगीत मिळू दे. आणि दहाव्या भागात जादू आलाच, तर त्याला दिसावा तो आधीच मित्रांत सामावलेला, खेळायला घेतला जाणारा रोहित.

मग जादूने काही केले काय आणि न केले काय, घरी पाहणाऱ्या आईचे अडणार नाही. दुसऱ्या दिवशी कुठे जायचे, हे तिला ठाऊक असेल.