परळची वाट आणि साठ खाडे

उपनगरी लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबा असतो आणि कर्करुग्णांनाही त्यातून प्रवास करण्याची मुभा आहे. भाईंदर व मीरा रोड या स्थानकांवर सकाळच्या रेटारेटीत तो डबा गाठण्यासाठी जी माणसे धडपडतात, त्यांतील काहींच्या हाती टाटा स्मारक रुग्णालयाची फाईल असते. दादरला गाडी बदलून परळ गाठायचे किंवा प्रभादेवीला उतरून चालत जायचे, रांगेत बसायचे, आणि संध्याकाळच्या गर्दीत तोच प्रवास उलट करायचा. धडधाकट माणसालाही जेरीस आणणारा हा क्रम किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून पाच दिवस, पाच ते सात आठवडे पाळावा लागतो. गावाकडून आलेल्या रुग्णाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत निदान जागेची आशा असते. भाईंदरचा रुग्ण मात्र मुंबईचाच समजला जातो. त्याने रोज घरून यावे हे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

कर्करोग गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे व्याख्यानांतून नेहमी सांगितले जाते. रोग पाहत नसेलही. पण तो कोणत्या अवस्थेत ओळखला जाईल आणि उपचार पुरे होतील की अर्धे राहतील, हे बऱ्याच अंशी रुग्णाची मिळकत ठरवते.

उपचार फुकट वा स्वस्त झाले की प्रश्न मिटला, असे शासनकर्ते मानतात. त्या दिशेने काही घडले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झालेले टाटा रुग्णालय १९५७ साली केंद्र सरकारकडे आले, १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे, आणि तेथे गरिबांवर अल्प खर्चात उपचार होतात. सार्वजनिक पैशावर उभी असलेली संस्था देशातील अव्वल दर्जाची होऊ शकते, हे खासगीकरणाची आरती ओवाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली. आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या त्या योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. पण योजनेच्या दारात शिधापत्रिका वा अधिवासाचा दाखला मागितला जातो. अकरा महिन्यांच्या करारावर खोल्या बदलत राहणाऱ्या परप्रांतीय व कोकणी कुटुंबांपैकी अनेकांची नावे आजही गावच्या पत्रिकेवर आहेत किंवा कोठेच नाहीत.

कागद जुळले तरी मजुरीचा प्रश्न उरतोच. सहा आठवड्यांच्या किरणोपचारांचे तीस दिवस होतात. रुग्णाला एकट्याने जाणे शक्य नसते, म्हणून सोबत मुलगा, नवरा किंवा बहीण जाते. दोघेही रोजंदारीवर असतील तर एका घरात साठ खाडे पडतात. तपासण्यांच्या खेपा, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीचे दिवस यांत धरलेले नाहीत. औषध फुकट मिळाले तरी साठ दिवसांची मजुरी कोणतीच योजना भरून देत नाही. मग मधल्या आठवड्यात दोन दिवस दांडी पडते, पुढे चार दिवस, आणि रुग्णालयाच्या दप्तरात 'उपचार अर्धवट सोडले' अशी नोंद होते; जणू तो रुग्णाचा निष्काळजीपणाच!

कामगाराच्या या नुकसानीची तरतूद देशात पूर्वीपासून आहे, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार राज्य विमा योजनेत कर्करोगासारख्या दीर्घ आजारासाठी, नोकरीची व वर्गणीची अट पुरी झालेल्या कामगाराला सरासरी वेतनाच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. परंतु योजना सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे कामगार प्रत्यक्षात किती आणि हजेरीपटावर किती, हे तेथे वावरणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. मीरा रोडच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांना आणि उत्तन, पाली, चौकच्या मासळी सुकवणाऱ्या कोळणींना तर हजेरीपटच नाही.

रोग उशिरा ओळखला जाण्याचे मूळही येथेच आहे. तोंडात पांढरा चट्टा दिसला तरी दिवस मोडून डॉक्टरकडे जाण्याइतका तो दुखत नसतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती टपरीवर कितपत दिसते, ते टपरीवरच पाहावे. स्त्रियांच्या बाबतीत स्थिती अधिक कठोर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरांत दोनही नाहीत.

ही तपासणी काही महागड्या यंत्रांवर अडलेली नाही. १९९८ पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, व्हिनेगरमधील आम्लाचा सौम्य द्राव लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी करण्यात आली. तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. (तुलनेसाठी निम्म्या स्त्रियांना केवळ आरोग्यशिक्षणावर ठेवले गेले, त्यावर पुढे वाद उठला, तो रास्तच होता. प्रयोगाचा भार झोपडीतल्या बाईनेच का वाहावा?) तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१६ साली काढली. ती कागदावर उत्तम आहेत.

२०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेल्या या शहराने पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाचे रुग्णालय बांधले आणि ते चालवण्याचा भार पेलवेना म्हणून राज्य शासनाकडे सोपवले. ऑगस्ट २०२२ नंतर महापालिकेवर दीर्घकाळ प्रशासक होता. गाऱ्हाणे न्यायला प्रभागात नगरसेवकही नव्हता. घोषणांची अपूर्वाई शहराला राहिलेली नाही. मागण्या मोजक्या आणि तपासून पाहता येतील अशा हव्यात. महापालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात तिन्ही तपासण्या ठरलेल्या वारी व्हाव्यात आणि त्यांची नोंदवही लोकांना पाहता यावी. दोष आढळलेल्या रुग्णाच्या हाती नुसती चिठ्ठी न देता परळच्या पहिल्या खेपेला सोबत माणूस द्यावा. उपचार चालू असेतो रुग्णाला व सोबत्याला बुडीत मजुरी मिळावी. सहा महिन्यांच्या क्षयरुग्णाला शासन पोषणासाठी पैसे देते, तर हे अशक्य नाही. गाळ्यांतील हजेरीपटांची तपासणी कामगार संघटनांनी स्वतः हाती घ्यावी, निरीक्षकाची वाट पाहत बसू नये.

तपासणीचा वारही कार्यकर्त्यांनी आताच ठरवून घ्यावा. ती रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर ठेवावी. मंगळवारी दुपारी मंडप घालून भरवलेल्या शिबिरात पुढाऱ्यांचे सत्कार होतील. चार घरची कामे करणारी बाई तेथे येणार नाही, कारण त्या दुपारीही तिचा खाडाच पडतो.