पावती कोणाच्या नावाची?

मैत्रिणींनो, महागड्या मोटारीची गोष्ट आपल्या अंकात कशाला, असं तुम्ही विचाराल. मजूर बायांचे, टाकलेल्या बायांचे प्रश्न पडले असताना ही बाई पन्नास लाखांच्या गाडीचं काय सांगत बसली आहे? तुमचं म्हणणं खोटं नाही. तरी शेवटपर्यंत वाचा. ही गोष्ट नागपूरच्या एका शोरूममध्ये सुरू झाली आणि पातूरला माझ्याच दुकानात येऊन थांबली.

पातूरला माझं कृषी केंद्र आहे. नवरा गेला तेव्हा दुकान दिराच्या हवाली करावं, असं साऱ्या घराचं मत पडलं. मी केलं नाही. बियाणं, खत, औषधं यांचा धंदा शिकले. पुढे लहानशी दालमिल टाकली. तेरा वर्षं पातूर-अकोला एसटीने आणि दुकानाच्या टेम्पोत बसून हिंडले. साठी जवळ आली तेव्हा वाटलं, एक चांगली मोठी गाडी घ्यावी. गरज होती का? नव्हती. हौस होती. पुरुषाने गाडी घेतली की ती प्रगती आणि बाईने घेतली की माज, हे आपण ऐकत आलोच आहोत.

उन्हाळ्यात पुतणीला घेऊन नागपूरला गेले. टेम्पोचा ड्रायव्हर सोबत होता. अंगावर माझं नेहमीचं सुती पातळ, पायात साध्या चपला. आत शिरलो तर टाय लावलेला एक पोरगा सरळ ड्रायव्हरकडे गेला. त्याच्याशी हात मिळवला, त्याला खुर्ची दिली, गार पाणी दिलं, गाडीचं माहितीपत्रक त्याच्या हातात ठेवलं. तो बिचारा अवघडून म्हणाला, "गाडी आमच्या बाईले पायजे." मग पोरगा माझ्याकडे वळला. "काकू, साहेब नाही आले का?" साहेब नाहीत, म्हटलं. "मग मुलगा?" मुलगा नाही, मुलगी आहे. पुतणी म्हणाली, मी गाडी चालवून पाहते. तर, "घरातले जेन्ट्स आले की ट्रायल देऊ." शेवटी मी किंमत विचारली. तो हसला. "काकू, ही तुमच्या कामाची गाडी नाही. पलीकडे छोट्या गाड्या मिळतात."

मी काही न बोलता बाहेर पडले. परतीच्या वाटेवर मात्र डोक्यात एकच विचार होता. पुन्हा जावं, सगळ्या रकमेचा चेक त्याच्या टेबलावर आपटावा आणि त्याची जिरवावी.

अशा जिरवण्याच्या गोष्टी आपल्याला फार आवडतात. अलवारच्या राजाची एक गोष्ट सांगतात. लंडनच्या दुकानात त्याचा अपमान झाला, म्हणून त्याने रोल्स रॉईस गाड्या विकत घेऊन त्या कचरा वाहायला लावल्या. या गोष्टीला पक्का पुरावा नाही, पण ती घरोघरी चवीने सांगितली जाते. दुसरी गोष्ट मात्र खरी, वर्तमानपत्रांत गाजलेली. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकूरला एक तरुण शेतकरी मालवाहू गाडी घ्यायला गेला. खिशात दहा रुपये नसतील आणि दहा लाखांची गाडी घ्यायला निघाला, अशा अर्थाचं विक्रेता बोलला. त्या शेतकऱ्याने तासाभरात दहा लाख जमवून आणले. पुढे त्याची माफी मागितली गेली.

त्या शेतकऱ्याचा राग मला पोटातून कळतो. पण दोन्ही गोष्टींचा शेवट पाहा. मान मिळतो तो पैसा दाखवल्यावर. म्हणजे ज्याच्याकडे दहा लाख नाहीत, त्याला हिणवलं तर चालतं, असंच ना? आणि राजाच्या गोष्टीत गाडीची विटंबना कशाने होते? कचरा उचलण्याने. ज्या बाया पहाटे उठून गावाचा कचरा उचलतात, त्यांचं काम इतकं हलकं, की ते करायला लावणं हाच सूड! चेक आपटून मीही हेच म्हणणार होते: मला हिणवू नको, मी पैसेवाली आहे. मग बिनपैशाच्या बाईचं काय?

याचं उत्तर मला मृगाच्या तोंडावर माझ्याच काउंटरवर मिळालं.

कपाशीच्या बियाण्याला गर्दी होती. आलेगावकडची एक बाई पदराच्या गाठीत पैसे बांधून पुढेच उभी होती. माझा पोरगा तिच्या डोक्यावरून मागच्या पुरुषांना पाकिटं देत होता. अर्ध्या-पाऊण तासाने तिने विचारलं, "माह्या हलक्या वावरात कोनतं चालीन?" तो म्हणाला, "घरच्या मानसाले पाठव वो बाई, तुले काय समजते?" शेवटी बियाणं दिलं आणि पावतीवर न विचारता तिच्या नवऱ्याचं नाव घातलं. बाई म्हणाली, "माहं नाव टाक. वावर मीच पाहतो."

मी आत गल्ल्यावर बसले होते. नागपूरचा तो पोरगा मला तिथे, माझ्या दुकानात उभा दिसला. पगार मी देते त्याला.

रात्री उधारीची वही काढली. पानामागून पान पुरुषांची नावं. पेरणी, निंदण, वेचणी बाया करतात, हे मला का ठाऊक नाही? पण खातं उघडताना मी स्वतःच विचारत आले, "मालकाचं नाव काय?" पोरगा माझ्याकडे पाहूनच शिकला. विक्रेता उद्धट असतो तेव्हा त्याच्या मागे मालक असतो, आणि मालक बाई असली म्हणून रीत आपोआप बदलत नाही.

यात नुसत्या मानापमानाचा प्रश्न नाही. बियाणं उगवलं नाही, तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाताना पावती लागते, लॉट नंबर लागतो. शेतकरी हाही ग्राहक आहे आणि सदोष बियाण्यासाठी तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. पण तिथे पहिल्यांदा पाहतात ती पावती. बाईने पैसे मोजले आणि नाव नवऱ्याचं लागलं, की ती आपल्याच नुकसानीत परकी होते.

सातबाऱ्याचं तेच. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खातेदारांमध्ये बाया १०० मागे १४ सुद्धा भरल्या नाहीत. ज्या दुकानदाराने आयुष्यभर पुरुषांच्या नावाने पावत्या फाडल्या, त्याला समोरची बाई मालकीण कशी दिसावी? मोटारीच्या दुकानात तरी वेगळं काय झालं?

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या पोरांना बसवून सांगितलं: जी आधी आली तिला आधी. विचारेल त्याचं नीट उत्तर द्यायचं, माहीत नसेल तर मला बोलवायचं. पैसे ज्याच्या हातून येतील त्याला विचारून पावतीवर नाव. एक पोरगा कुरकुरला, "नवरे भांडायले येतात ना, बाई." एक आलाही. मी त्याला एवढंच म्हटलं, "पैसे तिनं मोजले." नव्या हंगामाच्या वहीत आतापर्यंत एकवीस बायांची खाती आहेत. फार नाहीत.

गाडी अजून घेतली नाही. घेईन, पुतणीने चालवून पाहिल्यावर आणि माझ्या नावावर. त्या शोरूमच्या मालकाला मात्र पत्र टाकलं आहे. त्यात माझ्याजवळ किती पैसे आहेत, ते लिहिलेलं नाही.

आपल्या गटांना एक विनंती. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या पावत्या घेऊन या: बियाण्याची, शिलाई मशीनची, गॅसची, मोबाइलची. पैसे कोणी दिले आणि नाव कोणाचं आहे, ते मांडून पाहा. आणि ज्यांचं स्वतःचं दुकान आहे, त्यांनी आपली उधारीची वहीही आणा. काय दिसलं, ते कळवा.