प्लग उपसल्यावरचा झटका

घरची वीज

बटण बंद, प्लग हातात, तरी झटका बसला असं कुणी सांगितलं तर आपल्याकडे आधी त्यालाच वेड्यात काढतात. तो खोटं बोलत नसतो. संगणक, टीव्ही, बरेचसे स्पाइक गार्ड यांच्या तोंडाशीच विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो आणि त्यात फेज-न्यूट्रलच्या मध्ये एक कंडेन्सर.

बोरिवलीत अदानीची वीज, मुलुंडला महावितरणची. दाब दोन्हीकडे 230 व्होल्ट, म्हणजे लाटेच्या शिखरावर 325. वीज नेमकी तिथे तुटली तर तेवढा दाब कंडेन्सरमध्ये अडकून राहतो, शून्यापाशी तुटली तर काहीच नाही. म्हणून एकदा झटका बसतो, पुढे महिनाभर बसत नाही, आणि घरचे म्हणतात, भास झाला असेल.

टेस्टरही इथे कामाचा नाही (आमची सही तीच असली तरी). साठलेला चार्ज एका पिनेतून दुसरीकडेच धावतो, जमिनीकडे नाही. एका पिनेला लावलेला टेस्टर पेटत नाही. अंगठा आणि बोट दोन्ही पिनांना टेकले की कळतं.

उपाय जुनाच आहे: कंडेन्सरला समांतर एक रेझिस्टर. 0.47 मायक्रोफॅरडला एक मेगओहम लावला की एका सेकंदात 325 चे चाळिशीच्या आत येतात. संगणक-चार्जरसाठीच्या आयएस 13252 मानकाने हा निचरा सक्तीचा केला आहे. रेझिस्टरची किंमत कटिंगपेक्षाही कमी, तरी स्वस्त मालात तोच गाळतात.

माझा खरा राग ‘वीज वाचवणाऱ्या’ डब्यांवर आहे. मी उघडून पाहिलेल्यांत एक कंडेन्सर आणि एक एलईडी, बाकी प्लास्टिक. घरगुती बिल युनिटवर येतं. हा कंडेन्सर त्यातली दमडी वाचवत नाही, उपसताना हाताला चटका मात्र देऊ शकतो.

एवढ्या झटक्याने सहसा जीव जात नाही, 0.47 मायक्रोफॅरडमध्ये ऊर्जा फार तर 25 मिलिज्यूल. पण स्टुलावर चढलेला माणूस दचकून खाली येतो. बटण बंद करून दहा सेकंद थांबा आणि प्लगच्या अंगाला धरून काढा. रेझिस्टरच नसेल तर थांबूनही भागत नाही, पिनांपासून बोटं लांबच हवीत.

पॉवर सप्लाय उघडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आतल्या शंभर मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये याच्या दोनशेपट ऊर्जा असते. तो स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करण्यापेक्षा होल्डरमधल्या साठच्या बल्बवर रिकामा करणारा कारागीर मला जास्त भरवशाचा वाटतो. मायक्रोवेव्हमध्ये तर दोन हजार व्होल्टच्या वरचा मामला. तो नाक्यावरच्या टीव्हीवाल्याला ‘बघ जरा’ म्हणून उघडायला देऊ नका.

– टेस्टर