शंकरपट कायद्याने तरला, खर्चाने अडला

वलगाव, (वार्ताहर) - तळेगाव दशासरसारख्या शंकरपटांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त उठली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदाही वैध ठरविला. छोट्या मंडळांपुढील प्रश्न मात्र आता आर्थिक आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी अनिवार्य असून बैलांचा छळ झाल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकवर्गणीवर ही जोखीम पेलणे कठीण आहे. मुंबई-पुण्याच्या घोडशर्यतींना निदान अधिकृत पैजांचे उत्पन्न आहे; तेथेही पैजेच्या पूर्ण रकमेवरील २८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्के झाला. पटाला तोही आधार नाही. ट्रॅक्टरने शेतातून हटविलेला बैल केवळ हौसेपोटी किती काळ पोसला जाणार, हाच खरा प्रश्न आहे.