सतरावा नंबर

आमच्या घराण्यात ‘प्रमोशन’ हा शब्द फक्त ऑफिसच्या संदर्भात वापरतात. काकांना बँकेत प्रमोशन मिळालं आणि त्याच पत्रात बदलीही निघाली, ही गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की प्रमोशन म्हणजे आधी पेढे आणि मग सामानाची बांधाबांध असं समीकरणच डोक्यात बसलं. इंग्लंडात फुटबॉलच्या क्लबलाही प्रमोशन मिळतं हे कळलं तेव्हा गंमत वाटली होती. पेढे तिथेही असतात. बांधाबांधही.

दर वर्षी मार्चच्या सुमारास तिथे एक वाद हमखास ऐकू येतो. खालून नवा वर आलेला एखादा क्लब ऑगस्ट-सप्टेंबरात धमाल करतो, दिवाळीपर्यंत मोठ्यांच्या पंगतीत बसतो आणि नाताळानंतर घसरायला लागतो. मग त्याच्या समर्थकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘क्लबला महत्त्वाकांक्षाच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘अरे, कुठून आलो ते विसरलास का?’ क्लब बदलतात, वाद तोच. या वादाबद्दल माझं एक मत आहे आणि ते एका जुन्या हंगामावर बेतलेलं आहे. हल सिटी, २००८-०९. मी तेव्हा लीड्सला नोकरीला होतो आणि ऑफिसात जेवणाच्या टेबलावर माझ्या समोर दोन हलवाले बसायचे. (हलवाले म्हणजे हल गावचे. हलव्याशी संबंध नाही.)

आई, हा परिच्छेद तुझ्यासाठी. इंग्लंडातल्या फुटबॉलला मजले आहेत. सगळ्यात वरच्या मजल्यावर, प्रीमियर लीगमध्ये, २० संघ. प्रत्येकाने ३८ सामने खेळायचे, जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. मे महिन्यात शेवटचे तिघे जिना उतरून खाली जातात आणि खालून तिघे वर येतात. म्हणजे १७ वा नंबर हा पास झालेल्यांतला शेवटचा. वरच्या मजल्यावर टीव्हीच्या हक्कांचा पैसा इतका की खालच्या मजल्याशी तुलनाच नको. त्यामुळे १७ वा आणि १८ वा यांच्यात जेवढं अंतर आहे, तेवढं ७ व्या आणि १७ व्यातही नाही.

आता हल. हंबर नदीच्या मुखाशी वसलेलं बंदर. एके काळी दूरच्या समुद्रात मासेमारीला जाणाऱ्या ट्रॉलर्सचं गाव. १९६८ च्या हिवाळ्यात तीन ट्रॉलर्स लागोपाठ बुडाले आणि ५८ माणसं गेली. पुढे तो धंदाच बसला. टेलिफोनचे डबे सगळ्या देशात लाल, इथे मात्र पांढरट, कारण गावाची टेलिफोन कंपनी पहिल्यापासून वेगळी. खेळ म्हणाल तर रग्बीचा, त्याचे दोन क्लब, पश्चिमेचा एक आणि पूर्वेचा एक. फुटबॉलचा क्लब १९०४ पासून होता, पण वरच्या मजल्यावर कधी पोचलाच नाही. त्या मजल्यावर कधीच न खेळलेलं देशातलं सर्वांत मोठं शहर, अशी हलची ओळख होती. जर्सी काळी-पिवळी, अगदी आपल्या मुंबईच्या टॅक्सीसारखी. मला हा संघ आवडायला तेवढं कारण पुरलं.

१९९९ मध्ये हा क्लब चौथ्या मजल्यावरूनही खाली पडता पडता वाचला होता. २००१ मध्ये दिवाळखोरीच्या दारात उभा होता. मग नवं स्टेडियम आलं, २००४ आणि २००५ मध्ये लागोपाठ दोन बढत्या मिळाल्या, आणि २४ मे २००८ ला वेम्ब्लीवर डीन विंडासने ब्रिस्टल सिटीविरुद्ध तो गोल मारला. विंडास हलमध्येच जन्मलेला. क्लबला पैशांची गरज होती म्हणून १९९५ मध्ये विकला गेलेला, परत आलेला, आणि त्या दिवशी वय वर्षं ३९. हवेतून आलेला बॉल त्याने खाली पडू न देता तसाच जाळ्यात मारला. १-०. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच होतंय.

वर आल्यावर पहिल्या नऊ सामन्यांत २० गुण. विगनकडून घरच्या मैदानावर ०-५ असा मार खाऊनसुद्धा. आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं, पुढच्या आठवड्यात टॉटनहॅमला त्यांच्या मैदानावर १-०. ब्राझीलचा जिओव्हानी लांबून असे गोल मारत होता की गोलकीपरने नुसतं बघत राहावं. २५ ऑक्टोबरच्या रात्री हल सिटी गुणांमध्ये चेल्सी आणि लिव्हरपूलच्या बरोबरीला होती. एका रात्रीपुरती का होईना.

आणि मग? नोव्हेंबर-डिसेंबर जेमतेम. १३ डिसेंबरला लिव्हरपूलशी २-२ झाली तेव्हा १७ सामन्यांत २७ गुण होते. उरलेल्या २१ सामन्यांत मिळाले ८. एकवीस सामन्यांत आठ! त्यात विजय एक, मार्चमध्ये फुलहॅमला, तोही भरपाईच्या वेळेतल्या गोलवर.

याचं एक ठरलेलं स्पष्टीकरण आहे आणि ते मला कधीच पटलं नाही. २६ डिसेंबरला मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला ०-४ अशी अवस्था असताना मॅनेजर फिल ब्राऊनने खेळाडूंना आत नेलंच नाही. मैदानावर, आपल्याच प्रेक्षकांसमोर, गोल करून बसवलं आणि तिथेच झापलं. सामना १-५ ने गेला. तिथून संघाचं मन मोडलं, असं सगळे सांगतात. गोष्ट म्हणून झकास. पण आकडे बघा. त्याआधीच्या शनिवारी हाच संघ घरच्या मैदानावर सुंदरलंडकडून १-४ हरला होता. पहिल्या नऊनंतरच्या आठ सामन्यांत विजय होता एकच. म्हणजे उतार तर ऑक्टोबर संपतानाच लागला होता. दुसऱ्या संघांनी हलचा खेळ ओळखला आणि जिओव्हानीला मोकळी जागा मिळेना. गवतावरच्या त्या सभेने आम्हाला फक्त तारीख दिली. लोकांना उताराला तारीख लागते, त्याशिवाय चैन पडत नाही.

तर आमच्या टेबलावरचे दोघे. एक पन्नाशीचा, ज्याने १९९९ चा हंगाम रडत काढला होता. दुसरा पंचविशीतला, त्याचा क्लब म्हणजे नवं स्टेडियम आणि तीन बढत्या. फेब्रुवारीपासून रोज जुंपायची.

“आपण आर्सेनलला हरवलं होतं. हीच पोरं, हाच मॅनेजर. आता काय झालं? यांना नुसतं तगायचंय.”

“तगणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही, म्हणून असं बोलतोयस.”

मी मधल्या मध्ये डबा खात असे. सगळे समजत की म्हाताऱ्याची बाजू शहाणपणाची आणि पोराची उतावीळपणाची. मला दोघांचंही अर्धंच पटायचं.

म्हाताऱ्याचं काय खटकायचं? कृतज्ञता चांगलीच, पण ती प्रश्न न विचारण्याची सबब झाली की क्लब चालवणाऱ्यांची सोय होते. ‘कुठून आलो ते बघा’ असं म्हटलं की पैसे कशावर गेले, तरुण खेळाडू का तयार होत नाहीत, बचावाच्या डाव्या बाजूला गळती लागलीय तिचं काय, हे सगळं विचारणारा कृतघ्न ठरतो. एप्रिलमध्ये बोंबलणारा समर्थक मला तरी क्लबचा जास्त जवळचा वाटतो. निदान तो क्लबला पाहुणा समजत नाही.

आणि पोराचं? त्याची महत्त्वाकांक्षा म्हणजे एकच गोष्ट, खर्च करा. आणि क्लबने केला की! जानेवारी २००९ मध्ये फुलहॅमचा जिमी बुलार्ड ५० लाख पौंडांना घेतला. क्लबच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत महागडी खरेदी. गुणी खेळाडू, वाद नाही. पण याच गुडघ्याच्या दुखण्याने तो पूर्वी वर्षाहून जास्त काळ घरी बसला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्याच सामन्यात वेस्ट हॅमविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला, ३७ मिनिटं खेळला आणि गुडघा गेला. हंगाम संपला. त्या दिवशी डब्यात भेंडी होती हेसुद्धा माझ्या लक्षात आहे, कारण पोरगं शब्दही न बोलता माझ्या डब्याकडे बघत बसलं होतं.

नुसतं नशीब म्हणावं, तर तसंही नाही आणि अगदीच नाही असंही नाही. त्याच वर्षी हलबरोबर वर आलेल्या स्टोकने त्याच जानेवारीत जेम्स बीटीला घेतलं आणि त्याच्या गोलांवर तरून गेले. स्टोक म्हणजे, एका बुकमेकरने पहिला सामना हरताच ‘हे खाली जाणार’ म्हणून पैजेचे पैसे वाटून टाकले होते तो संघ. ते १२ वे आले आणि पुढे २०१८ पर्यंत वरच राहिले. पण त्यांच्या मागे घरचाच खोल खिशाचा मालक होता. हलचे हिशेब तपासणाऱ्यांनी २००९ मध्येच, हा क्लब असा चालू राहू शकेल का, अशी शंका लेखी नोंदवली होती.

शेवटचा दिवस, २४ मे २००९. विंडासच्या गोलला बरोबर एक वर्ष. हल घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडकडून ०-१ हरली. तिकडे न्यूकॅसलला ॲस्टन व्हिलाशी नुसती बरोबरी हवी होती. ती झाली असती तर गुण सारखे आणि गोलांच्या फरकावर हल खाली. पण डेमियन डफच्या पायाला लागून बॉल न्यूकॅसलच्याच जाळ्यात गेला. न्यूकॅसल ३४, हल ३५. पस्तीस! ज्यांनी आपल्याकडे दहावी दिली आहे त्यांना ही रेघ वेगळी सांगायला नको. फिल ब्राऊन मैदानात माईक घेऊन बीच बॉईजच्या एका गाण्याच्या चालीवर गायला. बेसूर. लोकांनी आयुष्यभर त्याची थट्टा केली. मला त्यात थट्टेसारखं काही दिसलं नाही, बाईपण-बापपण विसरून पोराच्या रिझल्टला नाचणारी माणसं मी आमच्या वाड्यात पाहिली आहेत.

माझं म्हणणं असं की गुणांना महिना नसतो. ऑक्टोबरचे २० आणि वसंतातले ८ एकाच पिशवीत जातात. हेच ३५ गुण उलट्या क्रमाने मिळाले असते, म्हणजे आधी आठ आणि शेवटी धडाका, तर फिल ब्राऊनचा पुतळा उभा केला असता लोकांनी. खालून चढून गाठलेला १७ वा नंबर पराक्रम आणि वरून घसरत आलेला १७ वा नाचक्की. सहामाहीत पहिला आलेल्या मुलाला वार्षिकला साठ टक्के पडले की घरात सुतक असतं, तसं. पण या हिशेबाने महत्त्वाकांक्षा मोजायची तर डोंबलाची मोजणार? दोन वर्षांनी ब्लॅकपूलने अशीच सुरुवात केली, ३९ गुण मिळवले आणि तरी खाली गेले. ३५ ला पास, ३९ ला नापास. पहिल्या वर्षाच्या निकालात दुसऱ्यांचे निकाल एवढे मिसळलेले असतात.

म्हणून नव्या क्लबची महत्त्वाकांक्षा दुसऱ्या वर्षावर मोजावी असं मला वाटतं. पहिल्या वर्षी आलेल्या पैशांतून खाली गेल्यावरही उरेल असं काय घेतलं? सरावाचं मैदान? खेळाडू हेरणारी चांगली माणसं? खाली गेलो तर पगार आपोआप कमी होतील असे करार? हल दुसऱ्या वर्षी ३० गुणांवर १९ वी आली, ब्राऊन मार्चमध्येच बाजूला झाला आणि मोठे पगार मात्र क्लबच्या मानगुटीवर बसून राहिले. त्याच वर्षी बर्नली खाली गेली, तीही ३० च गुणांवर. त्यांनी हात आखडून खर्च केला होता, जानेवारीत मॅनेजर सोडून गेला होता, समर्थक ‘महत्त्वाकांक्षा नाही’ म्हणून चिडले होते. तेच बर्नली २०१४ ला आणि पुन्हा २०१६ ला वर आले, सलग सहा हंगाम टिकले आणि २०१८ मध्ये ७ वे येऊन युरोपच्या स्पर्धेत पोचले. हलही नंतर दोनदा वर गेली आणि २०१४ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात पोचली, हे न सांगणं अन्यायाचं होईल. पण २०२० पर्यंत ती तिसऱ्या मजल्यावर उतरली होती.

त्या २००९ च्या वसंतात मंदीमुळे आमचंही प्रोजेक्ट गुंडाळलं जाणार अशी कुजबुज होती. आत्याचा फोन आला की पहिला प्रश्न, “पुढचं प्रमोशन कधी?” मी म्हणायचो, “आत्या, सध्या आहे त्या जागी टिकतोय.” पलीकडे एक सुस्कारा. आत्याचा सुस्कारा आणि माझ्या टेबलावरच्या पोराचा ‘नुसतं तगायचंय’ हा टोमणा, दोन्ही एकाच जातीचे. त्या वर्षी मी वरच्या जागेसाठी धावपळ केली नाही. संध्याकाळी बसून एक सर्टिफिकेट पूर्ण केलं, जे कंपनी गेली तरी माझ्याजवळ राहिलं असतं. आत्या, तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता वाचा.

असो. मे २०१० मध्ये हल खाली गेल्यावर सोमवारी दोघे जेवायला आले. पोरगं म्हणालं, पुढच्या वर्षीचा पास काढणार नाही, या लोकांना एक पैसा देणार नाही. म्हातारा काही बोलला नाही, मुकाट्याने सँडविच खात होता. ऑगस्टमध्ये विचारलं तर दोघांचेही पास काढून झाले होते, शेजारशेजारच्या खुर्च्यांचे, आणि वाद बचावाच्या डाव्या बाजूला कोणाला घ्यावं यावर चालला होता.