बचत पाण्याची, कुचंबणा कोणाची?

गेल्या उन्हाळ्यात एक भगिनी दवाखान्यात आल्या. कमरेवर आणि जांघेत गजकर्ण पसरलेले. दुकानातून आणलेले स्टिरॉइड मिसळलेले मलम लावल्याने ते आणखीच चिघळलेले. रोज आंघोळ होते का, असे विचारले तेव्हा त्या मान खाली घालून म्हणाल्या, "सगळ्यांचं झाल्यावर पाणी उरलं तर करते." घरात पाच माणसे, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि न्हाणीघरात मात्र नवा शॉवर!

पाण्याचे मोल आपल्या भागाला कोणी सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. तरीही आंघोळीच्या पाण्याचा हिशेब आपण क्वचितच करतो. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज 135 लिटर हे प्रमाण धरले जाते. त्यातले 55 लिटर केवळ आंघोळीचे असतात, पिण्याचे अवघे 5. म्हणजे बचतीची खरी जागा न्हाणीघरच होय.

साध्या शॉवरमधून मिनिटाला सुमारे दहा लिटर पाणी जाते. आठ मिनिटे उभे राहिलात तर 80 लिटर गेले. तीच आंघोळ एका मोठ्या बादलीत, 20 लिटरमध्ये होते. पाच माणसांच्या घरात दिवसाला 300 लिटर आणि महिन्याला नऊ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ एक टँकर पाणी वाचते. शॉवर हवाच असेल तर साबण लावताना तो बंद ठेवावा. गिझरच्या नळाला आधी येणारे गार पाणी मोरीत न सोडता बादलीत धरावे.

पण बचत म्हणजे अस्वच्छता नव्हे. पाणी कमी असले तरी काखा, जांघा आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या साबणाने धुऊन कोरड्या पुसाव्यात. बाकी अंगाला रोज साबण चोळण्याची गरज नसते. फार कढत पाण्याने त्वचा कोरडी पडून खाज सुटते, विशेषतः वृद्धांना. टॉवेल मात्र प्रत्येकाचा वेगळा हवा. शौचानंतर आणि जेवणापूर्वी हात धुण्यात तर कधीच काटकसर करू नये.

आणखी एक गोष्ट. वाचवलेले पाणी उघड्या टाकीत किंवा पिंपात साठवले तर त्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून भांडी झाकून ठेवावीत आणि आठवड्यातून एक दिवस घासून कोरडी करावीत. आंघोळीचे सांडपाणी संडासात ओतायला चालते, मात्र ते त्याच दिवशी वापरून टाकावे.

आता मूळ मुद्दा. टंचाईच्या दिवसांत पाणी भरण्यासाठी पहाटे उठते ती घरातली बाई, आणि आंघोळीला शेवटचा नंबर तिचाच. मासिक पाळीच्या दिवसांतही तिला अर्ध्या बादलीत भागवावे लागते. यातून त्वचेचे विकार आणि जननमार्गाच्या तक्रारी उद्भवतात, आणि लाजेपोटी त्या महिनोन्महिने अंगावर काढल्या जातात. याला बचत म्हणणे योग्य नाही. ती एकीच्या आरोग्यावर केलेली उधळपट्टी आहे.

माझे म्हणणे एवढेच, की घरात पाणी आले की प्रथम प्रत्येकाची एक बादली ठरवावी. सुनेची, आजीची आणि कामावर जाणाऱ्या मुलाचीही बादली सारखीच असावी. पाळीच्या दिवसांत हवी तर एक जास्त. त्या भगिनींचे गजकर्ण औषधाने बरे झाले. पण ते पुन्हा होऊ नये म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ मी त्यांच्या यजमानांसाठी लिहिली: "शॉवर बंद. यांची बादली आधी भरावी."