पारव्याला कोकरू करू नका

कोकरू म्हणजे निरागसता आणि वाघ म्हणजे अनुभव, हे समीकरण रोमँटिक कवितेच्या अभ्यासात इतके रुळले आहे की जबलपुरात माझ्याकडे येणारे मराठीचे विद्यार्थी आपली कविताही त्याच मापाने मोजतात. पक्षी दिसला की तो निरागस! दोष त्यांचा नाही. आमच्या समीक्षेनेच हे माप त्यांच्या हाती दिले. (कान्ह्याचे जंगल ज्यांना परके नाही त्यांनी वाघाला निव्वळ प्रतीक मानावे, हेही नवलच.)

वस्तुतः ज्या विल्यम ब्लेकच्या नावावर हे खपवले जाते, त्याची कविताही या समीकरणात बसत नाही. १७८९च्या 'निरागसतेच्या गीतां'तील हरवलेल्या मुलीची कविता त्याने पुढे 'अनुभवाच्या गीतां'त हलवली. आणि त्या कवितेत निजलेल्या मुलीला सिंह-वाघ कसलीही इजा करीत नाहीत.

मराठीत तर हे माप अधिकच तोकडे पडते. रेव्हरंड टिळकांच्या 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेतील घायाळ पक्षिणी पडत-उठत पिलांपर्यंत पोचते. चोचीतला घास शेवटचा आहे, हे तिला पुरते ठाऊक आहे. निरागस आहेत ती पिले, आई नव्हे. एकाच घरट्यात दोन्ही अवस्था नांदतात. आम्ही मात्र 'करुणरस' एवढे लिहून मोकळे होतो.

खरा अन्याय झाला तो बालकवींवर. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला ती पदवी मिळाली. पदवी कौतुकाची होती. समीक्षेने तिचे कुंपण केले. मग 'फुलराणी' लिहिणाऱ्याचा पारवाही निष्पाप ठरणे ओघानेच आले. पण हा पारवा बसला आहे तो पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर, भर मध्यान्ही. त्याला उडण्याची हौस उरलेली नाही. माणसाची सुखातली झोप क्षणभरही टिकत नाही, असे बजावून कवी त्याची तुलना करतो ती थेट बुद्धाशी, आणि त्याच्या निद्रेला दुःखाचीच निद्रा म्हणतो. कवीच्या जगातल्या उष्ण वाऱ्यांचे त्याला भान नाही, हे खरे. परंतु ते बेभानपण दुःखाच्या अलीकडचे नसून पलीकडचे आहे. कोकरू अलीकडे असते. हा भेद ज्याला दिसत नाही त्याने बालकवींना 'बाल' म्हणू नये.

विद्यार्थ्यांच्या वहीत 'पारवा : निरागसतेचे प्रतीक' ही ओळ आढळली की मी तिच्यावर काट मारतो आणि कविता मोठ्याने वाचायला सांगतो.